तरुण मतदार आणि राजकीय पक्ष : महाराष्ट्रातील सहभागाच्या पायऱ्यांचा विचार

प्रस्तावना

निवडणूक जवळ आली की 'युवाशक्ती' हा शब्द सर्वच पक्षांच्या व्यासपीठांवरून ऐकू येऊ लागतो. युवक मेळावे भरतात, दुचाकी फेऱ्या निघतात आणि जाहीरनाम्यात तरुणांसाठी एक स्वतंत्र परिच्छेद येतो. निकालानंतर हा उत्साह ओसरतो. सभेला गर्दी करणारा, घोषणा देणारा, चिठ्ठ्या वाटणारा म्हणून तरुण पक्षांना हवा असतो. परंतु स्वतःचे हितसंबंध आणि स्वतंत्र मत असलेला मतदार म्हणून त्याची दखल क्वचितच घेतली जाते. राजकीय पक्षांनी तरुण मतदारांचा गांभीर्याने विचार का करावा, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः लोकसंख्येच्या आकड्यांनी दिले जाते. ते उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. तरुण नागरिकाला मतदार, मतदाराला कार्यकर्ता आणि कार्यकर्त्याला लोकप्रतिनिधी बनविणाऱ्या पायऱ्या महाराष्ट्रात गेल्या तीन दशकांत एकेक करून निखळत गेल्या आणि त्याचा तोटा तरुणांइतकाच पक्षांनाही झाला, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

घटनात्मक पार्श्वभूमी

भारतीय संविधानाने आरंभापासूनच सार्वत्रिक प्रौढ मताधिकार स्वीकारला. मूळ अनुच्छेद ३२६ नुसार मतदानाचे किमान वय २१ वर्षे होते. १९८८ साली संसदेने संमत केलेल्या ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १८ वर्षे करण्यात आले आणि ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अमलात आली. ब्रिटनने १९६९ मध्ये आणि अमेरिकेने १९७१ मध्ये हाच निर्णय घेतला होता. त्या मानाने भारताने तो उशिरा घेतला. १९८४ मध्ये देशात सुमारे ४० कोटी मतदार होते. १९८९ मध्ये ही संख्या सुमारे ५० कोटींवर गेली. या वाढीत नैसर्गिक लोकसंख्यावाढीबरोबरच १८ ते २० वयोगटातील नव्या मतदारांचाही मोठा वाटा होता.

या घटनेचा राजकीय धडा उद्बोधक आहे. ज्या काँग्रेस पक्षाच्या सरकारने हा अधिकार दिला, तो पक्ष १९८४ मधील चारशेहून अधिक जागांवरून १९८९ मध्ये १९७ जागांवर आला. या पराभवाची कारणे अनेक होती आणि तो केवळ तरुणांनी घडविला असे म्हणता येणार नाही. तथापि, अधिकार दिला म्हणून निष्ठा मिळत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. नव्या मतदाराचा विश्वास प्रत्येक पक्षाला प्रत्येक पिढीत नव्याने संपादन करावा लागतो.

संविधानाने मतदानाचे वय आणि उमेदवारीचे वय यांत फरक केला आहे. लोकसभा व विधानसभेसाठी किमान २५ वर्षे, तर राज्यसभा व विधान परिषदेसाठी ३० वर्षे पूर्ण असावी लागतात. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनंतर पंचायती व नगरपालिकांसाठी ही मर्यादा २१ वर्षे आहे. म्हणजेच १८ व्या वर्षी मतदार, २१ व्या वर्षी स्थानिक प्रतिनिधी आणि २५ व्या वर्षी आमदार वा खासदार अशी एक चढण संविधानातच अभिप्रेत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने उमेदवारीचे किमान वय कमी करण्याची शिफारस केली. ती विचारार्ह आहेच. परंतु उपलब्ध पायऱ्यांचा वापर कितपत होतो, हा त्याआधीचा प्रश्न आहे.

संख्याबळ आणि त्याचा अर्थ

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या घोषणेच्या वेळी देशातील सुमारे ९७ कोटी मतदारांपैकी १८-१९ वयोगटातील प्रथम मतदार सुमारे १.८२ कोटी आणि २० ते २९ वयोगटातील मतदार १९.७४ कोटी होते. म्हणजे पाचांतील एकापेक्षा अधिक मतदार तिशीच्या आतील होता. त्याच वर्षी महाराष्ट्र विधानसभा निवडणूक जाहीर झाली, तेव्हा राज्यातील ९.६३ कोटी मतदारांत २० ते २९ वयोगटातील १.८५ कोटी आणि प्रथम मतदार २०.९३ लाख होते. २८८ मतदारसंघांत समान वाटणी गृहीत धरली, तर प्रत्येक मतदारसंघात सरासरी सात हजारांहून अधिक प्रथम मतदार येतात.

या सरासरीशेजारी विजयाचे अंतर ठेवून पाहिले म्हणजे तिचे महत्त्व लक्षात येते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्यमध्ये १६२, साकोलीत २०८ आणि बेलापूरमध्ये ३७७ मतांच्या फरकाने निकाल लागला. त्याच वर्षी मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात हा फरक अवघ्या ४८ मतांचा होता. अर्थात, येथे सावधगिरी आवश्यक आहे. तरुण हा एकजिनसी मतदारवर्ग नाही. जात, धर्म, लिंग, शेती वा नोकरीची पार्श्वभूमी, शिक्षणाचे माध्यम आणि ग्रामीण-शहरी भेद यांनी तो विभागलेला आहे. 'तरुणांनी अमुक जागा जिंकून दिली' अशी विधाने म्हणूनच टिकत नाहीत. परंतु अत्यल्प मतांनी जागा जाते तेथे कोणत्याही मोठ्या गटाकडे दुर्लक्ष करणे पक्षाला परवडणारे नसते, एवढा निष्कर्ष त्यातून निश्चित निघतो.

उदासीनतेचा समज

तरुण मतदानाला बाहेर पडत नाहीत, मग त्यांच्यामागे श्रम का खर्च करावेत, असा युक्तिवाद पक्षकार्यकर्त्यांकडून ऐकू येतो. दिल्लीच्या विकासशील समाज अध्ययन केंद्रातील 'लोकनीती' कार्यक्रमाच्या सर्वेक्षणांतून वेगळे चित्र दिसते. भारतातील तरुणांचे मतदान दीर्घकाळ सरासरीच्या जवळपास किंवा किंचित खाली राहिले आणि २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत ते सरासरीपेक्षा किंचित अधिक होते. पाश्चात्त्य लोकशाहींत तरुण व ज्येष्ठ यांच्या मतदानात जशी रुंद दरी आढळते, तशी भारतात आढळत नाही.

खरी गळती मतदान केंद्रापर्यंत पोहोचण्याच्या आधी, मतदार नोंदणीच्या टप्प्यावर होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी १८-१९ वयोगटाची अंदाजित लोकसंख्या सुमारे ४.९ कोटी असताना नोंदणी त्याच्या चाळीस टक्क्यांहूनही कमी होती. ज्याचे नाव यादीतच नाही, त्याच्या उदासीनतेची चर्चा अप्रस्तुत ठरते.

नोंदणीचे नियम पूर्वीपेक्षा सोयीचे झाले आहेत. पूर्वी १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक असल्याने २ जानेवारीला १८ वर्षे पूर्ण करणाऱ्या तरुणास जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या निवडणूक कायदा दुरुस्तीनंतर, २०२२ पासून, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक लागू झाले आणि १७ वर्षे पूर्ण केलेल्यांना आगाऊ अर्ज करण्याची मुभा मिळाली. शिक्षणासाठी घर सोडलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक तरतूद आहे. मान्यताप्राप्त व किमान एक वर्ष कालावधीच्या अभ्यासक्रमास शिकणारा वसतिगृहवासी विद्यार्थी आपल्या मूळ गावी किंवा शिक्षणाच्या ठिकाणी, यांपैकी एका जागी नाव नोंदवू शकतो. शिक्षणाच्या ठिकाणी नोंदणी करताना संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. लातूर, बीड, धाराशिव, नांदेड येथून पुणे व छत्रपती संभाजीनगरात आलेल्या असंख्य विद्यार्थ्यांना ही तरतूद ठाऊक नसते. नाव गावी, मुक्काम शहरात आणि मतदानाच्या दिवशी प्रवास अशक्य, अशा अवस्थेत त्यांचे मत वाया जाते. पक्षांचे मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधी प्रत्येक वस्तीत असतात. निवडणुकीच्या तोंडावर यादीतील नावे शोधणारी ही यंत्रणा वर्षभर नवी नावे नोंदविण्याच्या कामी लावली, तर तरुणाशी पक्षाचा पहिला संबंध घोषणेऐवजी प्रत्यक्ष मदतीतून जुळेल.

पहिल्या मताचे महत्त्व

राज्यशास्त्रीय संशोधनात मतदान ही सवय मानली जाते. अमेरिकेतील ॲलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन व रॉन शाखर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्षेत्रीय प्रयोगात असे आढळले की, एका निवडणुकीत मतदान केलेली व्यक्ती पुढील निवडणुकीतही मतदान करण्याची शक्यता वाढते. मार्क फ्रँकलिन यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात मतदानाच्या घटत्या प्रमाणाचा संबंध या सवयीशी जोडला आहे. पहिल्या काही निवडणुकांत ज्याला मतदानाची सवय लागत नाही, तो पुढेही दूर राहण्याचा संभव असतो. त्यापूर्वी कार्ल मानहाइम यांनी पिढ्यांविषयीच्या १९२८ च्या निबंधात, तारुण्यातील सामूहिक अनुभव एखाद्या पिढीच्या जीवनदृष्टीला दीर्घकाळ वळण देतात, असा विचार मांडला होता.

पक्षांच्या दृष्टीने याचा अर्थ व्यावहारिक आहे. १८ व्या वर्षी जोडलेला मतदार पुढील चार-पाच दशके मतदान करणार असतो. त्या वयात त्याला केवळ दुर्लक्षाचा वा फसवणुकीचा अनुभव आला, तर तो अनुभवही तितकाच टिकाऊ ठरू शकतो.

महाराष्ट्रातील निखळलेल्या पायऱ्या

महाराष्ट्राच्या राजकारणातील अनेक नेतृत्वे लहान वयात, खालच्या पायरीवरून घडली. विलासराव देशमुख हे बाभळगावचे सरपंच म्हणून सार्वजनिक जीवनात आले. आर. आर. पाटील यांनी सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य म्हणून दशकभर काम केले. शरद पवार १९६७ मध्ये वयाची तिशी गाठण्यापूर्वीच विधानसभेत पोहोचले. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूर महानगरपालिकेत नगरसेवक आणि १९९७ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, महापौर झाले. पक्ष भिन्न, विचारसरणी भिन्न. परंतु तरुणपणी मिळालेली खालच्या स्तरावरील संधी समान आहे. पक्षबाह्य चळवळींतही हेच दिसते. १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन करणारे लेखक-कार्यकर्ते तरुण होते आणि १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी उभे केले होते.

यातील पहिली पायरी महाविद्यालयीन निवडणुकांची होती. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थी परिषदेची रचना गुणवत्तेच्या आधारे नियुक्त प्रतिनिधींवर बेतली गेली. निवडणुकांतील हिंसाचार हे त्यामागील कारण होते आणि ते निराधार नव्हते. पुढे लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. उमेदवारामागे पाच हजार रुपयांची खर्चमर्यादा, छापील फलकांवर बंदी आणि किमान ७५ टक्के उपस्थिती यांसारख्या अटींनी जुन्या दोषांना आवर घालण्याचा तो प्रयत्न होता. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली. २०१९ मध्ये वेळापत्रक जाहीर होऊनही त्या निवडणुका लांबणीवर पडल्या आणि त्यानंतर राज्यभर त्या नियमितपणे झालेल्या नाहीत. परिणामी, दोन पिढ्यांतील विद्यार्थ्यांना प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे ऐकणे, सभा चालविणे, पराभव स्वीकारणे यांचे शिक्षण ज्या वयात मिळावयास हवे, त्या वयात मिळालेले नाही.

दुसरी पायरी स्थानिक स्वराज्य संस्थांची. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाशी निगडित न्यायालयीन वादामुळे २०२२ पासून राज्यातील बहुसंख्य महानगरपालिका, नगरपालिका व जिल्हा परिषदांवर प्रशासक राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधील आदेशानंतर डिसेंबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने या निवडणुका सुरू झाल्या. मुंबई महानगरपालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मार्च २०१७ मध्ये १८ वर्षे पूर्ण केलेल्या मुंबईकर तरुणास आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडण्याची पहिली संधी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षात मिळाली. ज्याला २१ व्या वर्षी स्वतः उभे राहावयाचे होते, त्याची उमेदीची वर्षे प्रतीक्षेत गेली. या विलंबाचे कारण न्यायालयीन असले, तरी तरुण कार्यकर्त्यांच्या संधीसाठी पक्षांनी त्याविरुद्ध सातत्याने आवाज उठविल्याचे दिसले नाही.

या दोन पायऱ्या नसताना संसदेकडे पाहिले असता परिणाम लक्षात येतो. पीआरएस या संसदीय अभ्यास संस्थेच्या विश्लेषणानुसार, १९५२ च्या पहिल्या लोकसभेत सुमारे एक चतुर्थांश सदस्य चाळिशीच्या आतील होते. २०२४ च्या अठराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे ११ टक्के आहे आणि सदस्यांचे सरासरी वय ५६ वर्षे होते. जे तरुण आत येतात, त्यांतील अनेकांना घराण्याचा आधार असतो. खालची पायरी नसली की वर पोहोचण्यासाठी घरातील जिना उरतो. सामान्य कुटुंबातील तरुणाकडे तो नसतो.

गर्दीचे ऐकणे आणि मतदाराचे ऐकणे

राज्यातील तरुणांचे म्हणणे ऐकलेच जात नाही, असे मात्र नाही. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची १४ मार्चची पूर्वपरीक्षा पुढे ढकलताच पुण्यातील परीक्षार्थी रस्त्यावर उतरले आणि परीक्षा २१ मार्च रोजी घेण्यात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा आंदोलन झाले आणि वर्णनात्मक स्वरूपाची नवी परीक्षापद्धती २०२५ पासून लागू करण्याचा निर्णय झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये आंदोलनानंतर २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा लांबणीवर टाकण्यात आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णयही विरोधानंतर मागे घ्यावा लागला. अशा प्रसंगी सर्व पक्षांचे नेते आंदोलकांच्या पाठीशी उभे राहतात. परंतु मागणी मान्य झाली की विषय संपतो. भरतीचे निश्चित वार्षिक वेळापत्रक, रिक्त पदांची नियमित प्रसिद्धी, निकाल व नियुक्ती यांमधील कालमर्यादा हे दीर्घकालीन प्रश्न पक्षांच्या धोरणात स्थान मिळवीत नाहीत. यातून तरुणांना मिळणारा संदेश असा की, मतदान केंद्रापेक्षा रस्ता अधिक परिणामकारक आहे. प्रातिनिधिक लोकशाहीच्या दृष्टीने हा संदेश घातक होय.

प्रश्नाचे गांभीर्य आकड्यांतूनही दिसते. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातील एकूण बेरोजगारी दर ३.२ टक्के होता. १५ ते २९ वयोगटात तो १०.२ टक्के होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील बेरोजगारांत सुमारे ८३ टक्के तरुण आहेत.

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षांनी याची दखल प्रामुख्याने रोख रकमेच्या रूपाने घेतली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा सहा, आठ व दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. महाविकास आघाडीने बेरोजगार तरुणांना दरमहा चार हजार रुपये, तर महायुतीने दहा लाख विद्यार्थ्यांना दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन आणि २५ लाख रोजगार देण्याचे आश्वासन दिले. अशा साहाय्याची गरज नाकारता येत नाही. परंतु लाभार्थी होणे आणि निर्णयातील भागीदार होणे यांत अंतर आहे. महिला मतदारांचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत देशात महिलांचे मतदान पुरुषांपेक्षा किंचित अधिक झाले. महिलांची स्वतंत्र राजकीय शक्ती अशी निदर्शनास आल्यानंतर सर्व पक्षांच्या योजनांची दिशा बदलली. २०२४ मधील 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना हे त्याचे ठळक उदाहरण होय. जो वर्ग यादीत आणि मतमोजणीत दिसतो, त्याच्यासाठी पक्ष धोरण आखतात. तरुणांच्या बाबतीत नोंदणीचा प्रश्न म्हणूनच कळीचा आहे.

शेजारी देशांचा इशारा

पायऱ्या नसल्या की असंतोष कोठे वळतो, हे शेजारी देशांत दिसले. बांगलादेशात २०२४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाविरुद्ध विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या आंदोलनाची परिणती ५ ऑगस्ट रोजी पंतप्रधान शेख हसीना यांनी देश सोडण्यात झाली. नेपाळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरील बंदीच्या निमित्ताने तरुणांचा उद्रेक झाला आणि ९ सप्टेंबर रोजी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. दोन्ही ठिकाणी जीवितहानी मोठी झाली. लक्षणीय बाब अशी की, दोन्ही देशांत प्रमुख पक्षांच्या विद्यार्थी संघटना दीर्घकाळ प्रबळ होत्या. तरीही तरुणांचा रोष पक्षीय चौकटीबाहेर व्यक्त झाला. विद्यार्थी आघाडी ही पक्षाचा आदेश खाली पोहोचविणारी यंत्रणा झाली आणि तरुणांचे म्हणणे वर नेणारी राहिली नाही, तर तिचे अस्तित्व पक्षाला वाचवू शकत नाही. भारतातील परिस्थिती भिन्न आहे, येथे निवडणुकीने सत्तांतर होण्याची परंपरा दृढ आहे. तथापि ही परंपरा टिकविण्यासाठीही तरुणांचा मतपेटीवरील विश्वास आवश्यक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. पक्षांनी मतदार नोंदणी हे वर्षभराचे काम मानावे आणि स्थलांतरित विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत २१ ते ३० वयोगटातील, राजकीय घराण्याबाहेरील कार्यकर्त्यांना निश्चित प्रमाणात उमेदवारी द्यावी. भरतीप्रक्रिया, रोजगार व उच्च शिक्षणाचा खर्च यांविषयी कालबद्ध आणि तपासता येईल अशी भूमिका जाहीरनाम्यात मांडावी व तिचा वार्षिक हिशेब द्यावा. युवक आघाड्यांचे पदाधिकारी नियुक्तीऐवजी निवडणुकीने ठरवावेत. लिंगडोह समितीच्या आचारसंहितेच्या चौकटीत विद्यार्थी परिषदांच्या निवडणुका घेण्यास सर्व पक्षांनी एकत्रित संमती द्यावी.

यांतील काही जबाबदारी महाविद्यालयांवरही येते. वसतिगृहवासी विद्यार्थ्यांना प्रमाणपत्र देणे, प्रवेशाच्या वेळीच नोंदणीच्या नमुना क्रमांक ६ ची माहिती देणे, निवडणूक साक्षरता मंडळ आणि राष्ट्रीय सेवा योजना यांच्यामार्फत अर्हता दिनांकांची आठवण करून देणे ही कामे पूर्णतः पक्षनिरपेक्ष आहेत आणि प्राध्यापकांच्या आवाक्यातील आहेत. दरवर्षी जूनमध्ये प्रथम वर्षाच्या वर्गात येणारा विद्यार्थी बहुधा त्याच वर्षी १८ वर्षांचा होतो. त्याचे नाव यादीत गेले, तर त्याचे म्हणणे विचारात घेणे पक्षांना भाग पडेल. राजकीय पक्षांनी तरुण मतदारांना गांभीर्याने घेण्याची प्रक्रिया काही अंशी आपल्या वर्गखोल्यांतूनही सुरू होऊ शकते.